छत्रीवाल्या आजोबांचा डबा

"आधी जेव, मग रड."

आईचा हा आवाज तिच्या कानात लहानपणापासून मुरलेला होता. शाळेत मार खाऊन आलं, मैत्रिणीशी कट्टी झाली, ताप चढला, काहीही होवो, आई ताट पुढे सरकवायची आणि म्हणायची, आधी जेव, मग रड. वडील गेले त्या दिवशीही आईनं पोरींना ओळीनं बसवलं आणि भात वाढला. आवाज दरडावणीचा, पण दरडावणीच्या आत साय होती. त्या दिवशीच्या घासाला वरून मीठ लागलं नाही. डोळ्यांतून येत होतं तेवढं पुरलं.

आई जाऊन वर्ष झालं, तेव्हा तिनं वस्तीतल्या सार्वजनिक स्वयंपाकघरात आपणहून नाव दिलं. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना संध्याकाळचा डबा पोचवायचा, एवढंच काम. पैसे नाहीत, शाबासकी नाही. दिवसभर लाँड्रीत इस्त्री मारून तिचे खांदे भरून येत. नवरा लांबच्या बंदरावर कामाला, तो कधीतरी पाहुण्यासारखा उगवायचा. पोरांना घरी कोणापाशी ठेवणार? म्हणून पोरंही बरोबर निघाली.

थोरली अकरा वर्षांची. तिला जिने चढताना गाणी जुळवायची खोड. धाकटा सहाचा. त्याला सगळे बोका म्हणत, कारण कुठल्याही भांड्याचं झाकण उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

स्वयंपाकघर एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तळमजल्यावर होतं. भिंतींना अजून शाईचा वास होता आणि त्यावर उकडलेल्या बटाट्यांची वाफ चढलेली असे. तिथल्या मोठ्या बाईंना बोक्यानं पहिल्याच दिवशी 'हवालदार' हे नाव ठेवलं. बाईंचा नियम एकच. कालचा डबा परत आला की त्या तो दिव्याखाली धरून उघडायच्या.

"माणसाला विचारून काय उपयोग? जेवलात का म्हटलं की सगळे हो म्हणतात," त्या सांगायच्या. "डबा बघा. डब्यात उरलं, तर मला सांगा. मी नर्सला फोन करते. न जेवणारा माणूस हळूहळू विझतो आणि शेजाऱ्याला पत्ता लागत नाही."

बोक्यानं हे फार मनावर घेतलं. तेव्हापासून रिकामा डबा म्हणजे त्याची लढाई जिंकलेली.

त्यांच्या वाट्याला तीन घरं होती. दोन तळमजल्यावरची. तिसरं अगदी वरचं, छत्रीवाल्या आजोबांचं. ते जिने चढताना थोरली गायची,

*पहिल्या पायरीला पाय माझा ठेवू,*
*आजोबांचा डबा आजोबांना देऊ.*
*दुसऱ्या पायरीला दम थोडा खाऊ,*
*रिकामा डबा घेऊन घरी जाऊ.*

आजोबांची खोली एकच. छताच्या हुकांना छत्र्यांच्या मुठी लटकत होत्या, वाकड्या, सरळ, एक बदकाच्या तोंडाची. कोपऱ्यात काड्यांची जुडी, खिडकीपाशी शिलाईचं मशीन, त्यावर काळं कापड पांघरलेलं. दुरुस्तीला कोणी येत नव्हतं. छत्री मोडली की लोक टाकून देत होते. बायको मागच्या वर्षी गेली. एक मुलगा होता, तोही तिच्या आधीच गेलेला. हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगून टाकलं आणि विषय बंद केला.

"डबा?" बोका दारातूनच ओरडायचा.

"आत तरी या, फौजदार. वॉरंट आणलंय का?"

"रिकामा आहे?"

"रिकामा? चाटूनपुसून! तुझ्यासाठी ठेवीन असं वाटलं होय रे तुला?"

बोका झाकण उघडायचा. आत लख्ख. मग तो आणि थोरली एकमेकांच्या हातावर टाळी द्यायची आणि आजोबा त्या दोन चेहऱ्यांकडे असे बघत राहायचे, जसा माणूस थंडीत शेकोटीकडे बघतो.

एका संध्याकाळी पोरं खाली पळाली आणि तिची पिशवी वरच राहिली. ती परत गेली. दार लोटलेलंच होतं. आजोबा मोरीपाशी उभे होते. हातात आत्ताच दिलेला डबा. चमच्यानं भात निपटून ते बादलीत टाकत होते. मग भाजी. मग पावाचे तुकडे. घाई नव्हती. डबा धुतला, फडक्यानं कोपरे पुसले, उजेडाकडे धरून बघितला आणि मागे वळले.

"बघितलंत?" ते म्हणाले. "बरं झालं. एकट्यानं लपवायचं म्हणजे दमायला होतं हो."

"जेववत नाही का? दुखतंय कुठे? डॉक्टर..."

"काही दुखत नाही. जेववतं. जेवायचं नाहीये." ते खाटेवर बसले. "चहा घेतो, एखादं बिस्कीट. तेवढ्यावर दिवा मिणमिणतो. पण बाई, दुकान आवरून झालंय. आता नुसतं शटर ओढायचं राहिलंय. त्याला तेलपाणी कशाला?"

"असं बोलू नका. मला बाईंना सांगावं लागेल. नियम आहे."

"सांगा की. मग गाडी येईल. मला उचलतील, पांढऱ्या खोलीत नेतील, नाकात नळी घालतील. मी ती उपसणार. मग हात बांधतील." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुम्हाला माहीत नसेल, कसं असतं ते."

तिला माहीत होतं. तिच्या आईनं शेवटी तोंड मिटून घेतलं होतं, तेव्हा तिनंच कागदावर सही केली होती. नळी बसली. मनगटं बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधली, गाठ सैल, पण गाठच. आई बोलू शकत नव्हती. नुसती बघायची, आधी लेकीकडे, मग गाठीकडे, पुन्हा लेकीकडे. कितीतरी दिवस तिनं तसं बघितलं आणि मग बघणंही थांबलं.

ती खाटेपाशी स्टूल ओढून बसली. "मग पोरांसाठी तरी जेवा," ती म्हणाली. "ती जीव टाकतात तुमच्यावर."

"त्यांच्यासाठी डबा रिकामा करतो," आजोबा म्हणाले. "आणखी किती करू?"

खालून बोक्याची हाक आली, आई, चल ना गं! ती उठली.

"त्यांना सांगू नका," आजोबा म्हणाले. "एवढं करा. कोणालाच सांगू नका."

तिनं मान हलवली. होकार होता की नुसतीच हललेली मान, तिचं तिलाही कळलं नाही. पण त्या दिवशी मोठ्या बाईंनी धुतलेला डबा दिव्याखाली धरला आणि म्हणाल्या, "हा म्हातारा गुणी आहे हो. शीत उरत नाही." आणि ती काही बोलली नाही. त्यानंतर न बोलणं अंगवळणी पडत गेलं.

ती रोज जात राहिली. कधी पोरांना दोन जिने मागे ठेवून पुढे जायची आणि दारात विचारायची, "आज दोन घास?" ते हसून हात हलवायचे, बसमधून निरोप घ्यावा तसा. तिनं घरून सूप करून नेलं. त्यांनी तिचा मान राखायला ओठ ओले केले. एकदा ती चिडली, "हा अन्नाचा माज आहे तुमचा!" म्हणाली. "असेल," ते म्हणाले. "तेवढाच माज उरलाय." लाँड्रीत गरम कापडावर इस्त्री फिरवताना ती मनातल्या मनात मोठ्या बाईंना सगळं सांगून टाकायची, शब्दन् शब्द. संध्याकाळी शाईच्या वासात शिरलं की मनगटाची ती पट्टी आठवायची आणि जीभ टाळूला चिकटायची.

आजोबांच्या गळ्याची हाडं वर येऊ लागली. सदरा त्यांच्या अंगावर हँगरवर टांगल्यासारखा दिसू लागला. आणि बोका सहा वर्षांचा असला तरी आंधळा नव्हता.

"ताई, आजोबा बारीक झालेत."

"म्हातारी माणसं होतात बारीक," थोरली म्हणाली.

"नाही. ते सगळं खातात. तरी बारीक होतात. म्हणजे डबा लहान आहे." तो जिन्यातच थांबला. हिशेब त्याच्या दृष्टीनं पक्का होता. "त्यांना पुरत नाही गं! आणि ते लाजून सांगत नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यानं मोठ्या बाईंना गाठलं. "हवालदार, म्हणजे बाई, आमच्या आजोबांना दोन डबे पाहिजेत."

बाईंनी त्याचा गालगुच्चा घेतला, त्याच्या आईकडे बघितलं. "पुरत नाही का हो त्यांना?"

तोंड उघडायची हीच वेळ होती. तिचं तोंड उघडलंही. "बोका म्हणतो तर..." एवढंच बाहेर आलं.

तेव्हापासून दोन डबे जाऊ लागले आणि दोन्ही लख्ख होऊन परत येऊ लागले. दारात आजोबा तिच्या कानाशी म्हणाले, "अहो, दोन? टाकून टाकून हात दुखायला लागले माझे." ते हसले आणि हसता हसता त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला. बादली आता उचलवत नव्हती. मग तीच बादली खाली नेऊन रिकामी करू लागली, पोरांची पाठ फिरली की. शिजवलेलं, वाहून आणलेलं, जिने चढवलेलं अन्न ती कचऱ्याच्या पिंपात ओतायची आणि वरून वर्तमानपत्र झाकायची, जसं मेलेल्याचं तोंड झाकतात.

मग एका दुपारी शाळेतून निरोप आला. बोका मैदानावर चक्कर येऊन पडला होता. ती इस्त्री तशीच टाकून धावली. बोका बाकावर आडवा होता, ओठ पांढरे. शिक्षिका म्हणाल्या, "घरी खातो ना हा? इथे मधल्या सुट्टीत डबा उघडतच नाही. विचारलं तर म्हणतो, नंतर."

त्याच्या दप्तरात कागदात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं होतं. पाव होता. चेपलेलं केळं होतं.

"हे काय रे?"

"आजोबांचं आहे," बोका म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्यानं घाईघाईनं समजूत घातली, "रोज नाही गं! म्हणजे, रोजच. मी आजोबांच्या डब्यात तळाशी ठेवतो. मला भूक नसते फार. तूच म्हणतेस ना, आपल्यातलं द्यावं."

तिनं त्याला छातीशी धरलं. त्याच्या पाठीचे मणके तिच्या बोटांना लागले. आपण केव्हापासून याच्या पाठीवरून हात फिरवला नाही, तिला आठवेना. तिथेच, बाकावरच सांगायला हवं होतं. तिनं त्याला साखरेचं पाणी पाजलं, पाव भरवला. "मोठा शहाणा," ती म्हणाली. बस.

संध्याकाळी तो ऐकेना. घरी थांब म्हटलं तर दाराला लोंबकळला. तिघंही निघाली. थोरली त्या दिवशी गायली नाही. ती बोक्याचा हात धरून चढत होती.

आजोबा खाटेवर उशीला टेकून बसलेले होते. उठून बसायलाच त्यांना सगळी संध्याकाळ लागली असावी.

"या, फौजदार," ते म्हणाले. आवाज कागदासारखा.

बोक्यानं कागद सोडला आणि अंडं त्यांच्या तळहातावर ठेवलं. दुपारी आईनं हे त्याच्या हातून काढून घेतलं होतं. त्यानं ते कधी परत लांबवलं, तिला कळलंच नव्हतं.

"आज माझ्यासमोर खायचं," बोका म्हणाला. "ताई म्हणते, तुम्ही घाईघाईनं खाता, म्हणून अंगाला लागत नाही. हळू खा. मी थांबतो."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. आधी तिच्याकडे, मग हातातल्या अंड्याकडे, पुन्हा तिच्याकडे. असं बघणं तिनं पूर्वी एकदा सोसलं होतं.

मग आजोबांनी अंड्याचा एक तुकडा तोडला आणि तोंडात घातला. पोरासाठी घातला, तेवढं खरं. जबडा हलला. बोका गुडघ्यांवर बसून, मान वर करून, त्यांच्या गळ्याकडे बघत होता, केव्हा उतरतोय घास. घास उतरला नाही. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं, कपाळ घामानं चमकलं आणि तुकडा तसाच्या तसा हनुवटीवर आला. त्यांनी तो तळहातानं झाकायचा प्रयत्न केला.

"सुकं लागलं का? ताई, पाणी दे! पाण्याबरोबर जाईल," बोका म्हणाला आणि अंड्याचा दुसरा तुकडा तोडू लागला.

"पुरे," आई म्हणाली.

"अगं, एकच..."

"आजोबा जेवत नाहीत, बोका." तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "डबा लहान नव्हता. ते जेवतच नाहीत. कधीपासूनच नाही. सगळं टाकून देतात आणि डबा धुऊन ठेवतात, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तुझं अंडंसुद्धा. रोजचं."

थोरलीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू त्याला देऊ दिलंस?"

ती खाली बघत राहिली. फरशीवर अंड्याच्या पिवळ्याचा चुरा पडला होता. उद्या सकाळी मोठ्या बाईंना सांगावं लागणार होतं, मग गाडी येणार होती, मग गाठी. न सांगावं तर काय येणार, तेही तिला ठाऊक होतं. दोन्हीकडच्या वाटा एकाच दारापाशी जात होत्या.

बोका रडला नाही. त्यानं तुकडा कागदावर ठेवला, बोटं चड्डीला पुसली आणि खाटेच्या अगदी जवळ सरकला.

"आजोबा, खोटं बोलते ना आई?"

आजोबांनी नकारार्थी मान हलवली.

"बरं, तेव्हा नव्हतं खायचं. पण आता मी म्हणतोय ना. आमच्यासाठी खाल?"

इतके दिवस त्यांनी हा प्रश्न थट्टेवर नेला होता, फौजदार म्हणून, वॉरंट म्हणून, धुतलेल्या डब्याची चकाकी दाखवून. आता त्यांनी हाडकुळा हात उचलून पोराच्या डोक्यावर ठेवला.

"नाही रे, बाळा," ते म्हणाले. "तुमच्यासाठीसुद्धा नाही."