टिंग झालं की फुंकर

रांग जिन्याच्या तळापर्यंत आली होती आणि प्रत्येक बाईच्या कडेवर न बोलणारं मूल होतं. वर हॉलमध्ये गादीवर बसलेल्या, मुलांची वाचा मोकळी करून देणाऱ्या बाबांनी एकीचा ओला रुमाल उलगडला. आतल्या गव्हाला एकही कोंब नव्हता.

"दाणा मुका, म्हणून मूल मुकं," बाबा म्हणाले. "बाळाच्याच मुठीतले ना? मी हात तरी लावला का?"

नव्हता लावला. ते काम माझ्या ताईचं. आईने घरून भिजवून आणलेले, मुलाच्या मुठीत धरलेले गहू ती वाटीत घ्यायची, पडद्याआड देवासमोर ठेवून आणायची आणि रुमालात बांधून घरी न्यायला द्यायची; उगवले नाहीत की पुन्हा खेप. ताई होती म्हणूनच मी गेले. माझा मुलगा अडीच वर्षांचा, तोंडातून शब्द नाही. आमचेही गहू उगवले नव्हते. "डॉक्टरला दाखवलंस तर त्याच्या वाचेवरचं बंधन आणखी घट्ट होईल गं," असं ती म्हणाली आणि कानाच्या डॉक्टरांची ठरलेली वेळ मी रद्द केली.

त्या दिवशी ताई आमची वाटी घेऊन आत गेली. बाबांनी नेहमीसारखा मोठ्याने जप सुरू करायला लावला. पण मध्येच त्यांना ठसका लागला आणि सगळे गप्प झाले.

पडद्याआड टिंग झालं.

माझ्या मुलाने मान वळवली, ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. घरी ओव्हन वाजला की मी त्याची वाटी काढते आणि म्हणते, "गरम आहे, फू कर."

मी पडदा ओढला. देव नव्हताच. स्टुलावर मायक्रोवेव्ह होता आणि ताईच्या हातात आमची वाटी. दाण्यांना हात लावला, तर चटका बसला.

"दूध तापवायला ठेवलाय तो," बाबा मागून म्हणाले.

"वाटीत गहू आहेत, बाबा."

ताई कुजबुजली, "हळू बोल. कायम नाही करत. दोन-चार खेपांनी दाणे न तापवता तसेच सोडते, मग उगवतात. बायकांना बरं वाटतं."

"आणि माझे?"

"तुझे पुढच्या खेपेला सोडणार होते."

मी वाटी बाहेर नेली आणि हातोहात फिरवली. ओल्या दाण्यातलं पाणी आतल्या आत तापतं, कोंब मरतो, साल मात्र जशीच्या तशी दिसते, हे सांगितलं. एका आईने विचारलं, "म्हणजे माझी पोर ठीक आहे?"

"ते गव्हाला काय कळणार? डॉक्टरांना विचारू या."

तुम्हालाही कुणी असे दाणे बांधून दिले, तर घरच्या ज्या पिशवीतले ते नेले होते, त्यातलेच थोडे वेगळे भिजवून बघा. ते उगवतील. आणि मूल बोलत नसेल तर आधी त्याचे कान तपासून घ्या. वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत.

डॉक्टरांची वेळ मी पुन्हा घेतली आहे. ते टिंग त्याला ऐकू आलं, एवढं तरी मला आता माहीत आहे. फोन वाजला की तो वळून माझ्याकडे बघतो. ताईचा असतो. मी उचलत नाही.