गुलाबी कड्याची माशी

संग्रहालयाचा माशी विभाग शेवटी तळघरात गेला. पण ते सोडा. तसं काही घडलेलंच नाही असं धरून चालू, कारण आत्ता फुलपाखरूवाला माशीताईच्या टेबलाखाली शिरून भिंतीला टेप लावत होता.

“पाय उचला जरा.”

“नाही उचलत.”

“मग पायांसकट मोजतो. साहेबांना सांगतो, खोली ऐसपैस आहे, फक्त मध्ये एक पाय हलत असतो.”

पाय खरंच हलत होता. आठवडाभर हलत होता. जेवताना, झोपेत, साहेबांसमोर. माशीताईने तो दुसऱ्या पायाखाली दाबला, तर दुसरा हलायला लागला.

संग्रहालयात तिला सगळे माशीताईच म्हणत. तिच्याआधी या खोलीत तिचे वडील होते आणि ते माशीराव होते. शाळेत बाईंनी पहिल्या दिवशी आडनाव विचारलं तेव्हा तिने मोठ्या आत्मविश्वासाने ‘माशीराव’ सांगितलं होतं, आणि हजेरीपटात ते काही महिने तसंच राहिलं.

खोलीतलं काम म्हणजे माश्यांना प्रश्न विचारणं. पंख दोन की चार? चार असतील तर तू माशी नाहीस, शेजारच्या खोलीत जा. पाठीवर काळे पट्टे किती? चार असतील तर घरमाशी. तीन असून पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतील तर मांसमाशी. डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेत? मग बहुतेक नर. मध्ये ऐसपैस जागा सोडलीय? मग मादी. असं विचारत विचारत प्रत्येक माशीला तिच्या खणापर्यंत पोचवायचं आणि टाचणीवर रांगेत उभं करायचं. माणसांच्या बाबतीत अशी सोय नाही, असं माशीराव म्हणत आणि लग्नकार्यांना जायचं टाळत.

आता साहेबांना ही खोली फुलपाखरांसाठी हवी होती.

“लोकांनी माश्या बघायला इथं का यावं?” ते म्हणाले होते. “घरी आहेत की.”

एखादी नवीन जात सापडली तर मात्र खोली राहील, असं चहाच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. नाहीतर तळघर. तळघराला खिडकी नव्हती, ओल मात्र चारही बाजूंनी होती, आणि वाळलेल्या माश्या चवीने खाणारे बारीक भुंगे तिथे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत होते. माशीरावांनी जन्मभर जमवलेल्या माश्यांची तिथे भुकटी व्हायला फार वेळ लागला नसता.

आणि नेमकी याच आठवड्यात मांसमाश्यांच्या तळच्या खणात तिला ती सापडली. पाठीवर तीन पट्टे, पोटावर चौकोन, पोटाचं टोक मादीचं; इथपर्यंत सगळं रीतसर. पण डोकं नराचं. डोळे एकमेकांना टेकलेले. अर्धी नर, अर्धी मादी अशी माशी क्वचित निघते, हे पुस्तकात होतं. पुस्तकात नव्हतं ते मानेभोवतीचं कडं. चकचकीत, गुलाबी, सलग. असं कडं असलेल्या माशीची जगात कुठेच नोंद नव्हती. माशीताईने तज्ज्ञांना कळवलं. ते उद्या सकाळी येणार होते.

फुलपाखरूवाला टेबलाखालून बाहेर आला आणि त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“गळ्यात दागिना घालून बसलीय. माझ्या फुलपाखरांना सांगू नका, रुसतील.”

“टेप गुंडाळा आणि निघा.”

“निघतो. टेप मात्र इथंच ठेवतो. उद्या परत कुठं आणत बसू?”

संध्याकाळी तिने माशीचा मोठा करून घेतलेला फोटो घरी नेला. माशीरावांचा मोतीबिंदू पिकत आला होता, तरी त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं आणि फोटो नाकाला लागेपर्यंत जवळ आणला. त्यांच्या काळात त्यांचं नाव होतं ते डागडुजीसाठी. वाळलेल्या माशीजवळ नुसतं शिंकलं तरी तिचं डोकं गळून पडतं. पाय, पंख, डोकी ते इतक्या सफाईने चिकटवत, की सांधा शोधूनही सापडत नसे.

“नवीनच!” ते म्हणाले. “शंभर टक्के. मी तर अशी कधी पाहिली नाही.”

“बाबा, तिला तुमचं नाव द्यायचंय.”

माशीरावांनी चष्मा काढून पुसला. मग भिंग पुसलं. मग पुसायला काही उरलं नाही म्हणून टेबल पुसलं.

“माझं कशाला,” ते म्हणाले, आणि लगेच, “आडनावासकट का?”

“तज्ज्ञ म्हणतील तसं.”

“कडं कुठल्या रंगाचं म्हणालीस?”

“गुलाबी.”

“मला करडं दिसतंय. असो. तज्ज्ञांना दिसेल.” आणि ते चपला घालून खालच्या मजल्यावर ही बातमी सांगायला गेले. घाईत एक चप्पल माशीताईची होती.

आईने आजवर माशीकडे मारण्यापुरतंच पाहिलं होतं. पण हे एवढ्या घाईने बाहेर गेले कशासाठी, म्हणून तिने फोटो उचलला. दिव्याखाली धरला. जवळ नेला, लांब नेला. मग स्वतःचं बोट त्या कड्याशेजारी ठेवलं.

“हा माझा रंग,” ती म्हणाली.

“काय?”

“नेलपॉलिश. हा बघ, नख बघ. लग्नापासून हाच रंग लावते मी. आणि हे बघ, एका बाजूला दाट आलंय. डोकं यांनीच चिकटवलंय; ब्रश यांच्या हातात असला की असंच होतं.”

माशीताईने फोटो हातात घेतला. बोट आणि मान. मान आणि बोट. तिचा पाय थांबला. आठवड्यात पहिल्यांदाच.

आई खुर्चीत बसली. “माझ्या बाटल्या संपायच्या गं. मी लावायच्या आधीच संपायच्या. मला वाटायचं, तुमच्या तिकीटखिडकीवर ती बसायची ना, तिला नेऊन देतात. तिची नखं याच रंगाची असायची. तिच्याशी मी कधी धड बोलले नाही. बिचारी दर वेळी विचारायची, ‘वहिनी, बऱ्या आहात ना?’ आणि मी आपली छताकडे बघायची.”

“आई, तो रंग काय, दुकानात कुणालाही मिळतो.”

“तेच तर आत्ता लक्षात येतंय.”

बाहेर जिन्यावर माशीराव कुणाला तरी ‘आडनावासकट’ असं सांगत होते.

“म्हणजे डोकं एकाचं आणि धड दुसरीचं?” आईने विचारलं.

“हो. नराचं डोकं, मादीचं धड.”

“मग त्यात नवीन काय आहे?” आई म्हणाली. “आमचं घर असंच चाललंय.”

माशीराव आत आले. धाप लागली होती, पण चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

“अगं, तू पाहिलीस? कशी वाटली?”

माशीताईने तोंड उघडलं. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“तुमचीच आहे हो,” आई म्हणाली. “दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.”

सकाळी डबा हातात देताना ती एवढंच बोलली, “यांचं मी बघते. तू तुझं बघ.”

माशीताई सगळ्यांच्या आधी खोलीत पोचली. डोकं कुठून तरी आलं असणार, म्हणजे कुठेतरी एक उलटा घोटाळाही असणार. मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे मिरवणाऱ्या घिरट्यामाश्यांच्या नरांचे डोळे असेच टेकलेले; त्यांचे खण तिने एकेक करून उघडले. सापडला. अंग पट्टेवाल्या नराचं, डोकं मात्र मांसमाशीच्या मादीचं, डोळे लाल आणि एकमेकांपासून लांब. मानेभोवती गुलाबी कडं, एका बाजूला दाट. कधीतरी माशीरावांना सर्दी झाली होती, एवढंच. एक शिंक आणि दोन डोकी.

तिने दोन्ही टाचण्या शेजारी-शेजारी टोचल्या. गुलाबी सांधा विरघळवणाऱ्या द्रावणाची बाटली टेबलाच्या खणातच होती. ब्रशही होता. चुटकीसरशी ज्याचं डोकं त्याला मिळालं असतं. तिने झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं.

तज्ज्ञांना सांधा दिसेलच असं नव्हतं. तिला तरी कुठे दिसला होता? खोली राहिली असती, नाव लागलं असतं, आडनावासकट. व्हरांड्यात बुटांचा आवाज आला आणि तिचा पाय पुन्हा हलायला लागला. ती उठली आणि दारातच उभी राहिली.

“माशी नवीन नाहीये,” तिने तज्ज्ञांना सांगितलं. “जुनीच आहे. आमच्या घरची आहे.”

तज्ज्ञांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या पायाकडे पाहिलं आणि चहा कुठे मिळेल ते विचारलं.

दुपारी फुलपाखरूवाला आला. टेबलावरचा टेप त्याने उचलला, हातात घोळवला. आज त्याला विनोद सुचत नव्हता.

“पाय राहू द्या,” तो म्हणाला. “मोजून झालंय माझं.”

सामान हलवण्याआधी साहेबांच्या नावे अर्ज द्यावा लागे. माशीताईने सगळे खण लिहिले, पेट्या लिहिल्या, आणि खाली जागा उरली तिथे लिहिलं:

‘शेवटच्या पेटीत दोन नमुने शेजारी-शेजारी ठेवले आहेत. एकमेकांची डोकी परत करावीत, अशी दोघांचीही मागणी नाही. तरी त्यांना विभक्त करण्यात येऊ नये, व तळघरात त्यांना खिडकीजवळची जागा देण्यात यावी, ही नम्र विनंती.’