पाळण्यासमोरचा डोळा

अनुजानं कपाटातून जुना कॉम्प्युटर ओढून काढला, तेव्हाच शालूबाईंच्या मनात पाल चुकचुकली. एक तारखेपासून सून पुन्हा कामाला जायची होती. आठ दिवसांवर आलेलं, बाळाच्या दुधाचं, झोपेचं काही ठरायचं बाकी, आणि ही खाली फतकल मारून स्क्रू पिळत बसलेली!

"काय करतीयास गं?"

"केबलवरचं रेकॉर्ड करायचं बघतेय, आई."

"कशाला?"

"जमलं तर सांगते."

जमलं तर सांगते! चांगलं असतं ते माणूस आधीच सांगतं की.

टीव्ही आणि केबलचा सेट टॉप बॉक्स भिंतीवरच्या फळीवर. तिथं जागा नाही म्हणून कॉम्प्युटर समोर शिलाई मशीनवर बसला. त्याच्या एका वायरीच्या टोकाला शेंगदाण्याएवढा काळा मणी होता. तो अनुजानं मशीनच्या कडेला चिकटवला. मधूनच लाल लुकलुकायचा. आणि मणी आणि टीव्ही यांच्या मधे होता नातवाचा, सम्राटचा पाळणा. शालूबाईंनी मशीनपाशी वाकून, एक डोळा मिटून नेम धरून बघितलं. सरळ पाळण्यावरच!

उगाच नव्हत्या त्या संशय घेत. मागल्या आठवड्यात अनुजा गॅलरीत फोनवर बोलत होती. "पाळणाघर राजारामपुरीतच ना? सात महिन्यांचा आहे. घरी सासूबाई आहेत, पण..." एवढ्यात गॅलरीचं दार लागलं. तो 'पण' शालूबाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता.

आणि मनाला खात होतं ते वेगळंच. डॉक्टरनं गुटी द्यायची नाही म्हणून बजावलेलं. तरी अनुजा आंघोळीला गेल्यावर शालूबाईंनी दोनदा सहाणेवर जायफळ उगाळून सम्राटच्या जिभेला लावलं होतं. आपल्या पोराला, विश्वजितला, ह्याच गुटीवर वाढवला, काय झालं त्याला? चांगला बैलासारखा हाय! पण हे सुनेला कळलं, तर 'पण'च्या पुढचं वाक्य पूर्ण होणार आणि एक तारखेला सम्राट परक्या बायांच्या हातात जाणार.

त्या दिवसापासून त्या मण्यासमोर सरळ बसू लागल्या. बाळाला उचलताना आधी पदर सावरायचा, मग हात घालायचा. फोटो काढायला बसल्यागत. चार दिवसांत पाठ भरून आली.

रविवारी जेवणं झाली. शालूबाईंचे यजमान हंबीरराव दोन वाजताच मैदानावर पळाले. पेठेतल्या तालमीच्या संघाची फुटबॉलची फायनल होती. साडेतीनला सम्राट झोपला, अनुजाही आत पडली. शालूबाईंनी चष्मा लावून कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर अक्षर अक्षर लावत वाचलं.

'आई. रोज ४ ते ६.'

चार ते सहा म्हणजे बाळाच्या झोपेची वेळ. टीव्ही बंद, घर गप, आणि एक तारखेनंतर घरात त्या एकट्या. नावानिशी लिवलंय की!

शालूबाईंनी कपाळावरची टिकली काढली. अंगठ्याच्या नखाएवढी, जाड मखमली, चॉकलेटी. ती मण्यावर दाबून बसवली.

"बघ आता काय बघतीस ते."

साडेपाचला पेठेत फटाक्यांची माळ तडतडली. सम्राट दचकून रडायला लागला. मागोमाग हंबीरराव जिन्यातूनच ओरडत आले, डोक्यापासून बनियनपर्यंत गुलाल. "जित्तली! आपली तालीम जित्तली!"

अनुजा हसत बाहेर आली. "आई, बाळाला घेऊन बसा इथं. दोन दिवस लावून बघितलंय, नीट येतंय. आता दाखवते."

तिनं टीव्हीवर चारपासूनचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर एक माणूस नव्या किसणीवर गाजर किसत होता. पुढं नेलं तर काकडी. आणखी पुढं नेलं तर कोबी.

अनुजाचं तोंड एवढंसं झालं. "असं कसं? चॅनेलच बदललं नाही." ती मशीनपाशी वाकली आणि थांबली. नखानं टिकली उचकटून बोटावर घेतली, मग सासूच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं.

"आई, ही तुमची?"

"व्हय." शालूबाईंनी बाळ छातीशी आवळलं. "मीच लावली. कॅमेरा लावतीस माझ्यावर? चोर हाय मी?"

"अहो, हा कॅमेरा नाही! वेळ झाली की हा रिमोटसारखं बॉक्सचं चॅनेल बदलतो. पेठेच्या मॅची फक्त आपल्या केबलवर लागतात. सम्राट झोपतो म्हणून अख्ख्या हंगामात तुम्ही टीव्ही लावला नाही. म्हटलं, तुम्हाला संध्याकाळी तरी बघायला मिळेल."

एके काळी शालूबाई मॅच बघताना ओरडल्या की खालच्या गल्लीत ऐकू जायचं.

"मग पाळणाघराचं काय?" त्यांनी हळूच विचारलं. "'सासूबाई हायत, पण' काय?"

अनुजा खालीच बसली. "पण त्यांचे गुडघे दुखतात. दिवसभर ह्याला एकटीनं उचलायचं... अर्धा दिवस तरी ठेवावं म्हणून चौकशी केली. तुम्हाला विचारायचा धीर होईना." मग बोटावरची टिकली फिरवत म्हणाली, "आणि खोटं कशाला बोलू? कॅमेऱ्याचंही मनात आलं होतं एकदा. सहाणेला जायफळाचा वास येत होता."

हंबीरराव गुलाल झटकत गुपचूप मोरीकडं सटकले.

"दोनदा," शालूबाई म्हणाल्या. "दोनदाच दिली. विचारायचंस की मला."

"खरं सांगितलं असतंत?"

शालूबाईंनी खरोखरच विचार केला. "न्हाय."

अनुजाला हसू फुटलं. सम्राट रडायचा थांबून दोघींकडं टकमक बघत होता.

"गुटी बंद," शालूबाई म्हणाल्या. "गुडघ्याचं माझं मी बघीन. पोरगं कुठं जायचं न्हाय. विश्वास नसंल तर सहाण ने उचलून कामावर."

एक तारखेला अनुजा निघाली. सहाण जागेवरच होती. जायफळ मात्र डब्यात नव्हतं.

शालूबाई मनाशीच हसल्या. चार वाजता सम्राट झोपलेला, टीव्ही काळा. फुटबॉलच्या दुसऱ्या कपच्या मॅची सुरू झाल्या होत्या. मणी लाल लुकलुकला, आणि शालूबाईंनी सवयीनं पदर सावरला.