उपाशी अळू

मुकादमबाईंनी चौथी बादली खडीत ओतली आणि कमरेवर हात ठेवून अळूकडे पाहिलं. पानं कालच्यापेक्षा पिवळी.

"अजून कसले चोचले हवेत रे तुम्हाला?"

घरात सगळे त्यांना पाठीमागे मुकादम म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही होतं. मागच्या अंगणातला हा वाफा तेवढा सुनेच्या हुकमतीतला. मोरीतलं पाणी टाकीत निवळायचं, खडीतून अळूच्या मुळांशी रेंगाळायचं आणि दुसऱ्या टोकाला नितळ होऊन बाहेर पडायचं. पाणीखात्यातल्या सुनेने दोन वर्षं खपून तो उभा केला होता. सोमवारी खात्याचे साहेब बघायला येणार होते. पटलं तर सगळ्या गल्लीसाठी मोठा वाफा, नाही तर हाही बुजवायचा.

शुक्रवारी सून बारा दिवसांनी परगावाहून आली. खांद्यावरची पिशवीही न उतरवता वाफ्याशी बसली.

"आई, यांना पाणी मिळालं नाही का?"

"मिळालं नाही कसं? रोज चार बादल्या, प्यायच्या नळाचं."

"आणि मोरीचं?"

"दिलं गटारात सोडून. माझा पाय मोडला तेव्हा तीन महिने तू मला न्हाऊ घातलंस, नाक मुरडलं नाहीस. आणि तुझ्या झाडांना मी खरकटं पाजू होय?"

सुनेने पिवळं पान उलटंसुलटं करून पाहिलं.

"आई, नुसत्या पाण्यावर कोण जगतं? त्या खरकट्यातच यांचं जेवण. खडीतले जंतू ते कुजवतात, मग त्यातलं नत्र न् स्फुरद मुळं ओढून घेतात. म्हणून तर पाणी स्वच्छ होतं. तुम्ही बारा दिवस कडकडीत उपास घडवलात त्यांना."

मुकादमबाईंचे हात कोरडे होते, तरी त्या ते फडक्याला पुसत राहिल्या. मग उठून त्यांनी मोरीचं पाणी पुन्हा टाकीकडे वळवलं, आणि सोमवारपर्यंत घरातल्या एकाही भांड्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

साहेब आले तेव्हाही त्या भांडीच घासत होत्या.

"पानं पिवळी दिसतात," साहेब म्हणाले.

सून तोंड उघडणार, तोच मुकादमबाई मोरीतून बाहेर आल्या.

"तिला बोलू नका. चांगलं पाणी घालून मी उपाशी मारलं त्यांना. हा मधला कोंब बघा, शुक्रवारपासून जेवायला घातलं तेव्हा वर आलाय. मला तरी कळायला हवं होतं. वीस वर्षं खानावळीत लोकांची उष्टी भांडी घासली मी. त्याच पाण्यावर हिचा नवरा वाढला."

आजवर सासूबाई 'खानावळ सांभाळायच्या' एवढंच सुनेला माहीत होतं.

साहेब कोंबापाशी वाकले. बराच वेळ पाहून त्यांनी वही उघडली.

"गल्लीत घरं किती आहेत?"

सुनेने उत्तर द्यायच्या आधी सासूबाईंचा हात धरला. तो साबणाने अजून बुळबुळीत होता.