हरिदास कूलरवाल्याची पाणमांजरं

चंद्रपुरात उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करणाऱ्याला देवापेक्षा जास्त हाका येतात. आमचे हे, म्हणजे हरिदास कूलरवाले, होळीपासून पाऊस लागेपर्यंत घरी धड जेवायलासुद्धा बसत नाहीत. थंडी पडली की मात्र दुकानाचं शटर खाली आणि माणूस नदीवर. बाकीच्यांच्या नवऱ्यांना पत्त्यांचा नाद असतो, माझ्या नवऱ्याला पाणमांजरांचा. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत त्यांना ते जनावर एकदाही दिसलं नव्हतं. दिसायचे ते वाळूतले पंज्यांचे ठसे, नाहीतर खडकावरची माशाच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा. तीसुद्धा हे जेवताना इतकं रंगून सांगायचे, की मी ताटावर हात जोडायची.

यंदा पावसाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मग आमच्या प्रणितने बापाला बजावलं, "जाचं असन तं आईले घेऊन जा. एकटं जाचं नाई." मीही लगेच सांगून टाकलं, की मी एकदाच येईन, थंडीत खडकावर कुडकुडायची मला हौस नाही. यांनी मान डोलावली. पण रात्री दुर्बिणीच्या काचा पुसून झाल्यावर पुन्हा पुसत बसलेले पाहिले, तेव्हा कळलं, की ही एकच खेप हातात आहे हे त्यांनी फार मनाला लावून घेतलंय.

चामोर्शीच्या पुढे वैनगंगेकाठी माझ्या बहिणीचं गाव आहे. आदल्या दिवशी एसटीने तिच्याकडे मुक्काम केला आणि उजाडताच नदी गाठली. तिथला काठ म्हणजे नुसते काळे, वाकडेतिकडे खडक आणि मधल्या फटींतून खळखळणारं पाणी. यांनी मला एका सपाट खडकावर बसवलं आणि स्वतः थोडं पुढे दुसऱ्या खडकावर जाऊन बसले. अट एकच, तोंडातून शब्द काढायचा नाही. ही अट मला घालणं म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

धुकं उठलं आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. समोरच्या वाळूवर केशरी रंगाची चक्रवाकांची जोडी उभी. मी "अगंबाई" म्हणता म्हणता पदर तोंडात कोंबला. मग डोक्यावरून पट्टकदंबांचा, म्हणजे रानहंसांचा थवा गेला, इतका खालून, की पंखांचा आवाज कानात बसला. ही पाखरं हिमालयापलीकडून येतात असं हे दरवर्षी सांगायचे आणि मी दरवर्षी हूं म्हणून भाजी ढवळायची. तेवढ्यात पलीकडच्या काठावरच्या ओंडक्याने तोंड मिटलं. मगर होती. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी हसूही फुटत होतं. एवढं सगळं इथे रोज चालतं आणि मी आमच्या घुग्घुस रोडच्या धुळीत भांडी घासत बसते, याचा मला चक्क राग आला.

उन्हं चढली, खडक तापला आणि नेमका तेव्हाच माझ्या नवऱ्याचा डोळा लागला. गोळ्यांनी त्यांना गुंगी येते. हनुवटी दुर्बिणीवर टेकलेली आणि घोरणं सुरू व्हायच्या बेतात.

आणि पाण्यातून एक डोकं वर आलं. चपटं, मिशीवालं. मग दुसरं. मग एक अख्खं लांबुडकं जनावर खडकावर चढलं, पुढच्या दोन पायांत मासा धरून कुडुमकुडुम चावायला लागलं. मागून पिल्लांचा घोळका शिट्ट्या मारत वर आला.

हाक मारली तर ती पळणार. नाही मारली तर हे जन्मभर हळहळणार. ओटीत बहिणीने दिलेली बोरं होती. एक नेम धरून मारलं, ते फटीत गेलं. दुसरं त्यांच्या कानावर बसलं. हे दचकून जागे झाले आणि नदी सोडून माझ्याकडे बघायला लागले.

आता आली का पंचाईत? मी डोळ्यांनी खुणावलं. पण घरी पाहुण्यांसमोर साखर संपल्याची खूण केली, की हा माणूस सगळ्यांदेखत मोठ्याने विचारतो, "काय म्हणतेस?" लग्न झाल्यापासून एकदाही त्यांना माझी खूण कळलेली नाही. आत्ताही त्यांनी तोंड उघडलं. मी नुसती बघत राहिले, देवा, आज नको.

त्यांनी तोंड मिटलं. हळूच, अगदी हळूच मान वळवली.

दुर्बीण गळ्यातच राहिली. ती उचलायचं त्यांना सुचलंच नाही. ओठ थरथरले, मग हसू आलं, मग डोळे भरून वाहायला लागले आणि ते पुसायलाही हात हलवला नाही. ऑपरेशनच्या टेबलावर नेताना या माणसाचा चेहरा राखेसारखा झाला होता. आज त्याच चेहऱ्यावर तरतरी आली होती. कानावर पाण्याची धपाधप आणि शिट्ट्या येत होत्या. मग त्या थांबल्या.

हे खडकांवरून चाचपत माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "आता नाई आलो तरी चालते मले." आणि लहान पोराच्या उतावीळपणाने विचारायला लागले, "धाकट्यानं मायच्या तोंडातला मासा कसा पळवला, पाह्यलं का तू? पिल्लं किती होते?"

मला सांगता येईना. शेवटी शेवटी मी नदीकडे बघितलंच नव्हतं. पण हे त्यांना कसं सांगणार? या वयात लाज वाटली.

"मले काईच नीट दिसलं नाई," मी फणकाऱ्याने म्हटलं. "तुमाले उठवण्यातच माझं सारं गेलं. पुढच्या इतवारी पुना यावं लागते."