बिनशेंगांचा कांचन

कात्रजला घर बांधलं त्याच वर्षी वासंतीबाईंनी आवाराच्या कोपऱ्यात संकरित कांचन लावला. त्या तेव्हा शाळेत जीवशास्त्र शिकवत. या कांचनाला थंडीत तळहाताएवढी जांभळी फुलं येतात, पण शेंग कधीच धरत नाही. बीच नाही, त्यामुळे नवं झाड हवं तर कलमच करावं लागतं. रोपवाटिकेच्या मालकाने तेव्हाच बजावलं होतं, की याचं लाकूड ठिसूळ असतं, वाऱ्याच्या तोंडावर लावू नका. आणि पाणी मधे खंड पाडून पण भरपूर द्या, म्हणजे मुळं खोल जातील. बाईंना बहराची घाई. त्या रोज संध्याकाळी बुंध्याशी थोडं थोडं पाणी घालत राहिल्या.

झाड माडीच्या वर गेलं. कुंपणापलीकडे सोजरबाईंच्या घराला लागून एक पत्र्याची खोली होती. मोठ्या घरातल्या पोरांना गोवर निघाला, म्हणून त्यांनी बाळंतीण सून शकू आणि तान्ह्या नातीला त्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. नेमका त्याच उन्हाळ्यात कांचन खोलीकडे झुकला. बुंध्याच्या अलीकडची माती उचलून भेगाळली होती. वासंतीबाईंचे यजमान दिगंबरराव म्हणाले, तोडून टाकू. बाईंनी ऐकलं नाही. फांद्यांची साल काढून, ओलं शेवाळ बांधून त्यांनी गुटी कलमं केली होती. मुळं फुटेपर्यंत फांदी झाडावरच राहायला हवी होती. त्यांनी माळ्याकडून जाड दोर बांधून घेतला आणि विषय संपवला.

सोजरबाई कुंपणाशी आल्या.

"बाई, झाड कलतंय. माजी नात हाय तितं."

"दोर बांधलाय, सोजरबाई. जून लागू द्या, मग तोडते."

तोवर आमच्याकडे राहायला पाठवा, हे काही बाईंना सुचलं नाही.

मे सरता सरता एका दुपारी आभाळ भरून आलं आणि वावटळ उठली. दिगंबरराव शहरात गेले होते. बाई खिडक्या लावत होत्या, तेवढ्यात त्यांचं लक्ष बुंध्याकडे गेलं. वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी तिथली जमीन वर येत होती आणि खाली बसत होती. दोर ताणून तारेसारखा झाला होता.

त्या पदर खोचून कुंपणाच्या फटीतून पलीकडे घुसल्या. शकूने आतून कडी घातली होती. पत्र्यांच्या खडखडाटात हाका तिला ऐकू जाईनात. बाई दोन्ही हातांनी दार बडवत राहिल्या. अखेर कडी निघाली. काही न सांगता त्यांनी पाळण्यातलं पोर उचललं, दुसऱ्या हाताने शकूचं मनगट धरलं आणि तिला अंगणाच्या टोकाला गोठ्यापर्यंत ओढत नेलं. मागे दोर तुटल्याचा आवाज झाला. मग झाड आलं. पत्रे खाली दबले, भिंत फुटली, पाळणा कुठे दिसेना.

सोजरबाई रानातून धावत आल्या. खोलीकडे पाहून त्या जागीच बसल्या. शकूने हाक मारली तेव्हा उठून आल्या. बाईंच्या हातातून नात घेतली, तिचे हातपाय चाचपले आणि हळूच म्हणाल्या,

"लागला का जून, बाई?"



दुसऱ्या दिवशी फांद्या तोडताना एका गुटीतून पांढरी मुळं डोकावत होती. दिगंबररावांनी ती दाखवली. बाईंनी पाहिली आणि बाकीच्या फांद्यांबरोबर टाकायला सांगितली. शकूला आपल्याकडे पाठवा म्हणून त्या स्वतः सांगायला गेल्या. सोजरबाई आधी नाही म्हणाल्या, पण मोठ्या घरातला गोवर अजून गेला नव्हता.

खोली पुन्हा उभी राहीपर्यंत शकू बाईंच्या घरी राहिली. सोजरबाई रोज सकाळी नातीला न्हाऊ घालायला येत. चहा घेत नसत, बाईंकडे पाहतही नसत. बाई पाणी तापवून मोरीत ठेवत आणि दाराबाहेर उभ्या राहत.

एके दिवशी आतून आवाज आला, "बाई, धरा हिला जरा. पंचा इसरले मी."

बाईंनी भिजलेलं पोर हातात घेतलं. ते निसटेल या भीतीने त्यांनी ते छातीशी धरलं. सोजरबाई दारात पंचा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी घाई केली नाही.