मोटरचा रकाना

तीन दिवस मी त्याच दहा मीटरांसमोर बसले होते आणि ते मला दाद देत नव्हते. आमच्या कारखान्यातल्या मीटरच्या तोंडावर एक लाल दिवा असतो. एक युनिट वीज गेली की तो बत्तीसशे वेळा मिचकतो. ते मिचकणं मोजायचं, टेबलावरच्या प्रमाण मीटरशी ताडायचं, जुळलं की सील मारायचं. एवढंच माझं काम, पण परत आलेल्या या दहा जणांनी माझा पार भुगा केला.

वीज कंपनीची तक्रार साधी होती. लेथ, गिरण्या आणि शिलाईयंत्रं असलेल्या एका गल्लीत आमचे मीटर सहा टक्के वीज कमी मोजतात. मी हीटर लावून तपासलं, तर सगळे राजा हरिश्चंद्र! पुन्हा लावलं, वायरी बदलल्या, प्रमाण मीटरसुद्धा बदलला. तरी फरक शून्य. साहेब केबिनमधून उंटावरून शेळ्या हाकत होते, "अजून झालं नाही?" दर तासाला तेच. त्यांच्या डोक्यात एखादा मीटर घालावा असं मला खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वैतागून हीटर काढला आणि कोपऱ्यातली मोटर ओढून आणून जोडली. दिवा लगेच मागे पडला. सहा टक्के, दहाही मीटरांवर.

आणि हे मी आधी ऐकलं होतं.

हीटरमध्ये व्होल्टेज आणि करंट बरोबरीनं चालतात. मोटरमध्ये करंट मागे रेंगाळतो आणि चिपला ते अंतर धरून हिशोब करावा लागतो. करंट ओळखणारी कॉइल स्वतःही थोडी गडबड करते, म्हणून चिपमध्ये दुरुस्तीचा आकडा भरलेला असतो. चार वर्षांपूर्वी एका मालात कॉइल बदलली, आकडा जुनाच राहिला. चूक सेकंदाच्या नऊ हजाराव्या भागाची. हीटरवर ती दिसतच नाही, मोटरवर लपत नाही.

तेव्हा या टेबलावर माझा मामा बसायचा, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. त्यानं त्या मालातले चारशे मीटर नापास केले. "मोटरवर कमी मोजतात," तो ओरडून सांगत होता. साहेब म्हणाले, मास्तरांचे डोळे गेलेत, भाचीला तपासू दे. मला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. बाहेर ट्रक उभा, दारात साहेब उभे. नमुन्याला दहा मीटर काढून हीटरच्या रकान्यात मी मोजून आकडे भरले. मोटरच्या रकान्यात आधीच्या मालाचे आकडे उतरवले आणि सील मारलं. आठवड्याभरात मामाला घरी बसवलं. तो एक शब्द बोलला नाही. त्याला स्वतःची चूक कळली असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली. ती सोयीची होती.

साहेबांना मी मोटर लावून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"मग चिपमधला आकडा बदल आणि विषय संपव. रिपोर्ट कशाला?"

"मास्तर बरोबर होते, हे कुठेतरी लिहायला नको?"

"जुनी मढी उकरू नकोस. खाली सही तुझी आहे, मास्तरांची नाही."

हे मात्र खरं होतं. रिपोर्ट लिहिला तर माझं सील जाणार, सीलबरोबर नोकरीही जाणार. तरी मी लिहिला. रागानंच लिहिला, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच होता. द्यायच्या आधी तो घेऊन मामाकडे गेले.

मामा कुणाचातरी टेबलफॅन उघडून बसला होता. कागद त्यानं सावकाश वाचला.

"आकडे उतरवले होते, हेही लिहिलंयस," तो म्हणाला.

"तुला माहीत नव्हतं ना ते?"

"त्याच दिवशी कळलं होतं. आपलं टेबल थेट लाइनवर चालतं. लाइनची फ्रिक्वेन्सी कधी एका जागी बसते का? पन्नासच्या खाली-वर नाचतच असते. प्रत्येक चाचणीला तिचा आकडा लिहायचा, हे मीच तुला शिकवलं. तू तोसुद्धा उतरवलास, आधीच्या मालाचा, दहाच्या दहा ओळी जशाच्या तशा. आंधळ्यालाही कळलं असतं."



"मग बोलला का नाहीस? कागद साहेबांच्या तोंडावर मारला असतास तर तू राहिला असतास!"

"आणि तू गेली असतीस."

"मला तरी सांगायचंस! मी दर महिन्याला येत होते, मामा. इथेच जेवत होते."

"हो ना." त्यानं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि पुन्हा स्क्रू पिळायला घेतला. "दर वेळी तुझी मामी पानं मांडायची आणि मला वाटायचं, आज तू सांगशील."